मी रिकामी पोचले तो रविवार

मला पहिल्यांदा पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो, "ही चष्म्याची पेटी का हो?" पूर्वी मला याचा फार राग यायचा. आता वय झालं, राग येत नाही. मित्रांनो, मी चष्म्याची नाही, दागिन्यांची तर नाहीच नाही. ज्यांना अंथरुणातून उठून चर्चला येता येत नाही, त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाणारी मी एक म्हातारी पेटी आहे. माझं कातडं काळं आहे, पण कोपरे घासून पांढरट झालेत. आत जांभळी मखमल आहे, तिचंही मधे टक्कल पडलंय. त्या मखमलीत एक चांदीचा प्याला बसतो, अंगठ्यापेक्षा जरासा मोठा. शेजारी द्राक्षारसाची छोटी बाटली, भाकर ठेवायची गोल डबी आणि घडी घातलेला पांढरा रुमाल. एवढाच माझा संसार.

भाकर म्हणजे तुमची रोजची भाकरी नव्हे बरं का. ती नाण्याएवढी, पातळ, पांढरी चकती असते. वेदीवर पाळक तिच्यावर प्रार्थना म्हणतात आणि मग ती साधी राहत नाही. आमच्या लोकांच्या दृष्टीने तिच्यात स्वतः प्रभू असतो. म्हणूनच तिला नेणारी मी, माझी काळजी तेवढी घ्यावी लागते.

एका बहिऱ्या चांदीकाराने मला घडवलं. प्याल्याच्या कडेवरून तो बोट फिरवायचा, बारीकसं खुपलं की पुन्हा घासायचा. कुणा आजाऱ्याच्या सुकलेल्या ओठाला ही कड लागणार आहे, हे त्याला ठाऊक होतं. अमेरिकेत, सुपिरिअर सरोवराच्या काठी, तांब्याच्या खाणीवर वसलेल्या आमच्या गावात मला आणलं ते खाणीवरच्या एका मुकादमाच्या विधवेने. तिचा नवरा खाणीत अडकून गेला होता. सेंट पिरानच्या चर्चमध्ये मला वेदीवर ठेवताना ती म्हणाली, "माझ्या माणसापर्यंत काहीच पोचलं नाही हो. निदान बाकीच्यांपर्यंत पोचू दे." त्या बाईचा आवाज मी अजून विसरले नाही.

त्या काळी मला फक्त पाळकच हात लावत. त्यांच्या कोटाच्या खिशात बसून मी कुठे कुठे गेले! बाळंतिणीच्या खोलीत गेले, खोकून खोकून बेजार झालेल्या खाणकामगारांच्या उशाशी बसले. मी आले की घरातली माणसं आवाज खाली आणायची, टेबल पुसायची, मुलांचे केस विंचरायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. का वाटू नये?

मग खाण बंद पडली. घरांना कुलपं लागली. चर्चला कायमचा पाळक परवडेना, तेव्हा डोंगरापलीकडच्या गावातले पाळक एकाआड एक रविवारी यायला लागले. ते घाईत यायचे, घाईत जायचे. मी वेदीमागच्या खोलीत, जुन्या मेणबत्त्यांच्या खणात पडले. चांदी काळी पडली. मखमलीत उंदराने पिल्लं घातली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. आजारी माणसं तर गावात होतीच. पण त्यांच्याकडे जायला कुणाला सवड नव्हती. मी अंधारात पडल्या पडल्या त्यांचाच विचार करायचे, खोटं नाही सांगत.

मला त्या खणातून काढलं ते लव्हडे पेनहेलने. गावच्या शाळेत ती स्वयंपाक करायची. दंड जाड, आवाज त्याहून जाड. चर्चमध्ये ती वेदी मंडळाची प्रमुख. म्हणजे शनिवारी येऊन वेदीवरची वस्त्रं इस्त्री करायची, चांदी घासायची, फुलं लावायची, द्राक्षारस भरायचा, आणि रविवारी उपासना झाली की सगळं धुवून पुसून ठेवायचं. पैसा मिळत नाही, नाव छापून येत नाही. मेणबत्त्यांसाठी खणात हात घातला आणि मी तिच्या हाती लागले.

"अगं बाई, ही इथे कुजतेय होय!" ती म्हणाली. आणि मग स्वतःशीच, "आणि तिकडे ग्रेसी आठ महिने अंथरुणाला खिळलीय."

त्याच सुमारास बिशपसाहेबांनी परवानगी दिली होती, की पाळक नसलेल्या साध्या माणसांनीही, रीतसर शिकून, वेदीवरची भाकर आजाऱ्यांच्या घरी न्यावी. लव्हडे शिकली. तेव्हापासून मी तिच्या पर्समध्ये बसून हिंडले. पाळक येतील त्या रविवारी उपासना संपता संपता ते मला तिच्या हाती द्यायचे, आणि सगळी मंडळी उभी राहून तिला निरोप द्यायची, की आमच्यातून निघ आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना आमच्यात घेऊन ये. मग ती जी निघायची ती कुणाशी बोलायला थांबायची नाही. लोक खाली तळघरात कॉफी प्यायचे, बटाटा आणि मांस भरलेली गरम पास्टी खायचे, वास जिन्यापर्यंत यायचा. लव्हडे त्या वासातून सरळ बाहेर.

तिचे गुडघे गेले तेव्हा तिने माझ्यासाठी वेंडेल आहो याला निवडलं. वेंडेल आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवत होता. फिनिश माणूस, जन्माने दुसऱ्या, ल्युथरन पंथाचा, बायकोमुळे आमच्यात आलेला आणि बायको गेल्यावरही टिकलेला. लव्हडेने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं.

"थेट जायचं," ती म्हणाली. "वेदीवरून उचललं की त्या घराच्या दारात. मधे कुठे ठेवायचं नाही, कुणाशी गप्पा नाहीत. आणि तिथून थेट परत. पेटी डॉर्कसच्या हातात द्यायची, ती धुवेल."

"एवढंच ना, मिसेस पेनहेल?" वेंडेल हसला.

"एवढंच काय म्हणतोस रे! लक्ष दे."

डॉर्कस म्हणजे डॉर्कस रो, वेदी मंडळात लव्हडेच्या हाताखाली तयार झालेली. किरकोळ बाई, सदा घाबरलेली, पण काम असं चोख की लव्हडेलाही नाव ठेवायला जागा मिळत नसे. घरोघर जाऊन मी परत आले, की आत काही उरलं असलं तर ते फेकायचं नाही, आदराने खाऊन पिऊन संपवायचं, ही आमची रीत. मग मला धुवायचं, तेही वेगळ्या बेसिनमध्ये. त्याचा पाइप गटारात जात नाही, थेट आवारातल्या मातीत जातो. हे सगळं डॉर्कसने डोळे मिटून केलं तरी चुकायचं नाही.

आता त्या रविवारचं सांगते.

लव्हडे आता स्वतःच माझी वाट पाहणाऱ्यांत होती. तिचं काळीज थकलं होतं. चर्चच्या मागच्या गल्लीत तिचं घर, आणि मिलवॉकीहून तिची भाची मॉर्वेना सोबतीला आली होती. नर्स सांगून गेली होती, की आता फार दिवस नाहीत. पुढचे पाळक यायचे ते पंधरवड्याने. म्हणजे या रविवारची भाकर ही तिची शेवटची, हे गावात सगळ्यांना कळलं होतं. तिलाही कळलं होतं. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मॉर्वेनाकडून हात धुवून घेतले होते, उशाच्या टेबलावर पांढरं कापड घालून घेतलं होतं.

पाळकबाई हेडली बर्फातून कशाबशा पोचल्या. उपासना झाली. त्यांनी माझ्यात भाकर ठेवली, द्राक्षारस ओतला, कडी लावली आणि मला वेंडेलच्या हाती दिलं. लव्हडेचं नाव घेऊन प्रार्थना केली. मंडळींनी निरोप दिला. पाळकबाईंना दुसऱ्या चर्चची उपासना गाठायची होती, त्या लगेच गाडीत बसल्या.

वेंडेल वेदीमागच्या खोलीत कोट घालायला आला. तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. तळघरातली, चर्च गरम ठेवणारी भट्टी धूर ओकायला लागली होती आणि ती भट्टी कळणारा गावात वेंडेलच एक. खाली म्हातारी माणसं, लहान मुलं. तो क्षणभर घुटमळला. मग त्याने मला टेबलावर ठेवलं आणि पळाला. मित्रांनो, त्याला दोष देऊ नका. तुम्हीही पळाला असता.

भट्टीने त्याचा बराच वेळ खाल्ला. मी टेबलावर. थोड्या वेळाने डॉर्कस वर आली. एरवी वेंडेलला जाऊन यायला कॉफीचं भांडं रिकामं होण्याइतकाही वेळ लागत नसे. तिने मला पाहिलं आणि तिला वाटलं, हा जाऊन आलासुद्धा, पेटी धुवायला ठेवून गेलाय. दुसरं काही वाटण्याचं कारणच नव्हतं. वेंडेल मला मधे कुठे ठेवेल, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

तिने कडी उघडली. आत भाकर होती, बाटलीत द्राक्षारस होता. "फारसं घेतलं गेलं नाही वाटतं बिचारीला," ती पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले.

मी ओरडत होते, अगं थांब, डॉर्कस, थांब! पण पेटीला तोंड नसतं. ती खिडकीपाशी उभी राहिली, प्रार्थना म्हणाली आणि रीतीप्रमाणे तिने भाकर खाल्ली, द्राक्षारस प्यायला. मग त्या वेगळ्या बेसिनमध्ये मला धुतलं, पुसलं, नवा रुमाल घालून कडी लावली, आणि होते तिथेच ठेवून पास्टीच्या ताटल्या धुवायला खाली गेली.

वेंडेल आला तो काजळीने माखलेला. हात धुतले, मला उचललं, निघाला. मी इतकी हलकी झाले होते! पण काजळी धुताना गारठलेल्या त्या बोटांना ते कळलं नाही.

लव्हडे जागी होती. "उशीर केलास," ती म्हणाली.

"भट्टी, मिसेस पेनहेल."

"विझली का?"

"विझली."

"मग ठीक."

वेंडेलने पुस्तक उघडलं, शुभवर्तमानातला उतारा वाचला, तिच्याबरोबर क्षमेची प्रार्थना म्हटली. मग कापडावर ठेवून मला उघडलं.

आत सगळं लख्ख होतं. प्याला कोरडा, बाटली कोरडी, डबीत काही नाही. वेंडेलने डबी उलटी करून पाहिली. पुन्हा पाहिली. त्याचा चेहरा असा पांढरा पडला, की मॉर्वेना खुर्चीतून उठली. ती त्याला दाराबाहेर घेऊन गेली, पण दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"पाळकबाईंना फोन करा ना!" मॉर्वेना म्हणाली.

त्याने केला. सरोवराकाठच्या रस्त्यावर फोन लागत नाही. पुन्हा केला. आणि तिकडे उपासना आटोपेपर्यंत बर्फाने रस्ता बंद होणार, हे बर्फ काढण्यात जन्म घालवलेल्या माणसाला खिडकीतून दिसत होतं. चर्चमध्येही काही शिल्लक नव्हतं, आमच्याकडे उरलेलं ठेवत नाहीत. वेंडेल प्रार्थना वाचू शकत होता, भाकर नेऊ शकत होता, देऊ शकत होता. साध्या भाकरीची ती भाकर करणं मात्र फक्त पाळकांचं काम.

"घरात खारी बिस्किटं आहेत," मॉर्वेना हळूच म्हणाली. "द्राक्षाचा रसही आहे. द्या ना तेच. मावशीला काय कळणार आहे आता?"

तिने बिस्किटांचा पुडा आणून वेंडेलपुढे धरला.

"अहो, ती चाललीय! तिला समाधान मिळू दे की. कुणाचं काय बिघडणार आहे?"

मॉर्वेना वाईट नव्हती. मावशीवरच्या मायेने ती बोलत होती. आणि वेंडेलही डगमगला, मी पाहिलं. त्याने बिस्किट हातात घेतलं. काठ तोडून गोल केलं तर खपून गेलं असतं. तो खोलीत आला, पलंगाशी उभा राहिला. लव्हडेने ओंजळ पुढे केली. उजवा तळवा डाव्यावर, आयुष्यभर वेदीपुढे धरायची तशीच. ती ओंजळ पाहिली आणि वेंडेलने बिस्किट खिशात टाकलं.

"मिसेस पेनहेल," तो म्हणाला, "पेटी रिकामी आहे."

"रिकामी म्हणजे?"

"काहीच नाही आत. मी भट्टीकडे पळालो तेव्हा टेबलावर ठेवली होती. परत आलो आणि बघितली नाही."

लव्हडेची ओंजळ तशीच राहिली. मग हळूहळू खाली आली.

"मला हवी होती रे ती," ती म्हणाली. एवढ्या जाड आवाजाच्या बाईचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आज अगदी हवी होती."

वेंडेल रडायला लागला. म्हातारा पुरुष, कोटाच्या बाहीने डोळे पुसत होता. मॉर्वेनाने पुन्हा बिस्किटाचं नाव काढलं, तशी लव्हडे म्हणाली, "राहू दे गं. मला भूक नाही लागलेली." आणि वेंडेलकडे वळून म्हणाली, "आण ती इकडे."

तिने मला छातीवर ठेवून घेतलं. प्याल्यात बोट घातलं, रुमालाचा वास घेतला. "डॉर्कसने धुतलीय," ती म्हणाली. "तिला वाटलं तू जाऊन आलास." आणि थोड्या वेळाने, "बोलाव तिला."

फोन केला तशी डॉर्कस धावतच आली. कोटाखाली एप्रन तसाच होता, केसांवर बर्फ. दारातच वेंडेलने तिला सांगितलं. ती भिंतीला धरून उभी राहिली.

"मी खाल्ली," ती म्हणाली. "देवा! यांची भाकर मी खाल्ली!" आणि पलंगापाशी येऊन तिने गुडघेच टेकले.

"ऊठ आधी," लव्हडे म्हणाली. "तुझे गुडघे तरी कुठले तरुण आहेत? इथे बस, माझ्याजवळ. कुठे खाल्लीस?"

"खिडकीपाशी."

"प्रार्थना म्हटलीस?"

"म्हटली ना. तुमच्यासाठीच म्हटली." डॉर्कसला हुंदका आवरेना. "मला वाटलं, तुम्ही आत्ताच घेतलीय आणि त्यातलंच उरलेलं मी घेतेय. तुमच्याबरोबर जेवल्यासारखं वाटलं मला. किती बरं वाटलं! आणि तुम्ही इथे उपाशी..."

बाहेर बर्फ दाट झाला होता. लव्हडेने डॉर्कसचा हात चाचपून धरला.

"मग सांग मला," ती म्हणाली. "कशी होती?"

"काय?"

"भाकर गं. कशी होती? नीट सांग. सावकाश."

डॉर्कसने वेंडेलकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"जिभेवर ठेवली," डॉर्कस म्हणाली. "आधी कोरडी लागली. कागदासारखी."

"हं."

"मग मऊ झाली. टाळूला चिकटली."

"चिकटतेच ती." लव्हडेने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. "मग?"

"मग विरघळली. मग द्राक्षारस घेतला. बाटली थंड होती, म्हणून तोही थंड होता. गोड लागला. पण घशातून खाली जाताना ऊब आली. इथपर्यंत." डॉर्कसने लव्हडेचा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. "इथपर्यंत आली."

लव्हडेने आवंढा गिळला. दोन दिवस जिच्या घशातून पाणी जाताना त्रास होत होता, तिने तो सहज गिळला, मी तिच्या छातीवर होते, मला कळलं. मग ती जुन्या आवाजात, खणखणीत म्हणाली, "आमेन."

वेदीपुढे भाकर घेतल्यावर म्हणायचा शब्द तो. वेंडेलही "आमेन" म्हणाला. डॉर्कस म्हणाली. आणि चर्चला वर्षानुवर्षं न गेलेली मॉर्वेनाही म्हणाली.

पुढचे पाळक यायच्या आत लव्हडे गेली. डॉर्कसने वेदीमागच्या खोलीची किल्ली वेंडेलपुढे आणून ठेवली. "माझ्याने नाही आता व्हायचं," ती म्हणाली. वेंडेल म्हणाला, "चुकलो दोघंही. दोघांनीही सोडलं तर शनिवारी वस्त्रं कोण इस्त्री करणार? ल्युथरन?" डॉर्कस रडता रडता हसली, पण किल्ली उचलायला तिला बरेच आठवडे लागले.

आता मला डॉर्कस नेते. वेंडेलचे डोळे अधू झालेत. निघण्यापूर्वी ती मला उघडून पाहते, आणि पुन्हा पाहते. आणि मित्रांनो, गावात असा एखादा आजारी असतो, ज्याच्या घशाखाली आता काहीच उतरत नाही. डॉर्कस त्याच्या उशाशी बसते, त्याचा हात आपल्या छातीवर ठेवते, भाकर स्वतः खाते आणि कशी लागली ते त्याला सावकाश सांगते. तो डोळे मिटून ऐकतो. पाळकबाईंनी हे पाहिलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्याही डोळे मिटून ऐकू लागल्या.

माझी कडी सैल झालीय, मखमल जवळजवळ संपलीय. एखाद दिवशी मला पुन्हा खणात ठेवतील, चालायचंच. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, घासा, पुसा, हे तर मी सांगतेच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. कुणी तुमची वाट पाहत असेल आणि द्यायला तुमच्याजवळ काही नसेल, तर नाही म्हणून खरं सांगा. खोटं काही त्याच्या ओंजळीत ठेवू नका. पण जायचं मात्र टाळू नका. हात धुवून, कापड अंथरून, कुणीतरी तुमच्यासाठी बसलेलं असतं.